आमच्याकडं यायचं तर मे महिन्यात या

नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, बघायला लोक येतात ते दिवाळीनंतर. गळ्यात दुर्बिणी, अंगात जॅकेटं, पहाटे पाच वाजता गाड्या काठावर. फेब्रुवारी संपला की पाहुण्या बदकांच्या मागोमाग ही मंडळीही गायब होतात. मे महिन्यात आमच्या वस्तीवर कुणी फिरकत नाही. नातेवाइकांचे फोन तेवढे येतात. पहिला प्रश्न, "किती गेलं तापमान?" बेचाळीस म्हटलं की पलीकडून असा उसासा येतो की आमच्यातलं कुणी दवाखान्यात ॲडमिट आहे असं वाटावं.

मला मात्र वर्षातले हेच दिवस सगळ्यांत आवडतात. अक्षय तृतीयेपासून मृगापर्यंतचे. माझं माहेर कोरडवाहू गावातलं. उन्हाळा म्हणजे टँकरपुढची घागरींची रांग, एवढंच तिथं शिकले. लग्न होऊन पैठण तालुक्यातल्या या काठावर आले तेव्हा वाटलं, आता बारा महिने दारात पाणी. तसं नसतं. ऑक्टोबरात धरण भरलेलं असतं तेव्हा पाणी आमच्या बांधाला लागतं, आणि मे महिन्यात तेच पाणी बघायला चपला घालून चालत जावं लागतं. जायकवाडीचं पात्र पसरट आहे. भरलं की लांबी पन्नास-पंचावन्न किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी पंचवीसच्या वर, पण खोली त्या मानानं बेताची. त्यामुळे पाणी वीतभर उतरलं तरी काठ पावलंच्या पावलं मागं जातो. आज जिथं म्हशी डुंबतात तिथं आठ दिवसांनी भेगा पडलेल्या असतात.

या उघड्या पडलेल्या जमिनीत जी शेती होते ती गाळपेर. पाणी मागं सरेल तसतसं माणूस पुढं जातो आणि पेरत राहतो. जमीन सरकारची, पाटबंधारे खात्याची. एका हंगामापुरती कसायला मिळते. खत लागतं ते नावापुरतं, कारण गोदावरीनं वर नाशिकपासून आणलेला गाळ तिथंच बसलेला असतो. वरच्या थरात ओल नसली तरी हातभर खाली असते. जानेवारी-फेब्रुवारीत टरबूज, खरबूज, काकडी लावायची आणि मे उजाडला की तोडायला घ्यायची. टरबूज पिकलं की नाही हे आमचे हे टिचकी मारून सांगतात. मी देठाजवळचा तणावा बघते. तो वाळला की टरबूज तयार. टिचकीवर माझा विश्वास नाही, आणि यावरून दरवर्षी आमच्यात थोडं होतं.

पण टरबुजाची खरी परीक्षा आमच्या आधी कोल्हा घेतो. रात्री येतो, बरोबर पिकलेलं निवडतो, एका बाजूनं फोडून गर खातो आणि साल तिथंच टाकून जातो. कोल्ह्यानं कच्चं टरबूज फोडलेलं मी अजून पाहिलेलं नाही. त्याचं नुकसान एक-दोन फळांचं. रानडुकरं आली की वेल, फळं, ठिबकच्या नळ्या, सगळं एक होतं. म्हणून जागल, म्हणजे रात्रीची राखण. चार लाकडी खांबांवर माळा, वर कडब्याचं छप्पर, खाली राख झालेली शेकोटी, हाताशी बॅटरी आणि रिकामा पत्र्याचा डबा.

जागलीला पूर्वी फक्त पुरुष जायचे. मी जायला लागले ते घरात झोप येत नव्हती म्हणून. स्लॅबचं घर रात्री दोनपर्यंत धग सोडतं आणि लाईट नेमकी अकराला जाते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "बाईमाणूस रानात झोपतं का कुठं?" पुढच्या आठवड्यात त्यांनीही आपली बाज उचलून माळ्याखाली आणवली. आता मे महिन्यात सगळं घर रात्री रानात असतं, कुलूप घराला. नणंदेची, म्हणजे ताईंची, मुलं पुण्याहून येतात, तीही तिथंच. पहिल्या रात्री मोबाइलला रेंज नाही म्हणून रडारड होते. दुसऱ्या रात्री कोल्हा ओरडतो आणि विषय संपतो.

रात्री साडेनऊ-दहाच्या सुमाराला दक्षिण-पूर्वेला वृश्चिक वर आलेला असतो. आकडा वळलेला विंचू, मधोमध लालसर ज्येष्ठा. उत्तरेला सप्तर्षी. मुलांना एवढं दाखवलं तरी पुरतं, बाकीचं ती आपापलं शोधतात. एक सूचना मात्र आधीच देऊन ठेवते: दिवा लावायचा नाही. पाण्याकाठी मे महिन्यात चिलटांचे थवे असतात. बल्ब लावला की पाच मिनिटांत ताटात, चहात, कानात चिलटं. जेवण उजेड असतानाच उरकायचं आणि मग अंधारात गप्पा मारायच्या. शहरातल्या माणसाला याची सवय व्हायला वेळ लागतो, पण एकदा झाली की तोच म्हणतो, बॅटरी विझव.

आता दिवसाचं. उन्हाळ्याचा आनंद घ्यायचा तर दिवस उलटा करावा लागतो, आणि बहुतेकांना जमत नाही ते इथंच. पुण्याचा माणूस आठला उठतो, चहा, नाष्टा, आंघोळ करून दहाला विचारतो, "चला, काय बघायचं?" दहाला बघायचं काहीच नसतं. दहाला लिंबाखाली जायचं असतं. आमचा दिवस चारला सुरू होतो. त्या वेळी हवेत खरोखर गारवा असतो आणि पाण्याकडून वारा आला तर पायावर चादर लागते. साडेपाचला दिसायला लागतं. तोडणी, भुईमुगाला पाणी, धारा, सगळं नऊच्या आत. मग न्याहारी. ज्वारीची आंबील, नाही तर धपाटे आणि त्यावर कैरीचा तक्कू. नऊ ते पाच कुणी कुणाला काम सांगायचं नाही, असा आमच्याकडं नियमच आहे. तो मोडायची मुभा एकट्या कुरडईला.

कुरडईला कडक ऊन लागतंच. गहू तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलायचं, मग वाटून पिळून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा आणि पहाटे वरचं पाणी ओतून चुलीवर हाटायचा. हाटताना हात थांबला की गुठळी झालीच. मुलं मात्र कुरडईसाठी उठत नाहीत, चिकासाठी उठतात. गरम चीक, वर दूध आणि साखर. माझा सगळ्यांत धाकटा भाचा वर्षभर दुधाला तोंड लावत नाही. इथं पहाटे साडेपाचला वाटी घेऊन चुलीपुढं बसलेला असतो. सात वाजेपर्यंत सोऱ्यानं कुरडया घालून झाल्या की बाजेवर स्वच्छ धोतर पसरून उन्हाच्या हवाली. संध्याकाळी त्या कडकडीत वाळतात. पाऊण दिवसात वाळलेल्या कुरडईला जो पांढरेपणा येतो तो ढगाळ हवेत दोन दिवस ठेवूनही येत नाही. ताईंनी एकदा पुण्यात गच्चीवर करून बघितल्या. त्यावर मी काही बोलत नाही.

दुपारी लिंबाखाली पडल्या पडल्या दिसतं ते पाणी नव्हे. दिसतो पांढरा, हलणारा पट्टा. दीड-दोनला पश्चिमेचा वारा सुटतो, मैलोन्मैल पाण्यावरून येतो म्हणून आमच्या काठाला झळ जरा कमी लागते. फार नाही. पाण्याकाठी म्हणजे थंड, हा समज घेऊन कुणी येऊ नये. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडं शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी साधारण बारा वाजून पंचवीस मिनिटांनी सूर्य बरोब्बर डोक्यावर. मुलं उन्हात स्टीलचे पेले उपडे ठेवतात आणि सावली पेल्याखाली शिरते तेव्हा आरडाओरड करतात. वर्षात अशी वेळ दोनदा येते, पण दुसरी जुलैत, तेव्हा आभाळ असतं. म्हणजे बघायची तर मेमध्येच.

पक्ष्यांचंही तसंच. थंडीतले पक्षी पाहुणे असतात, खाऊन-पिऊन जातात. अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं ते त्यांच्याच जोरावर. पण इथं संसार मांडणारे दिसतात उन्हाळ्यात. पाणी उतरलं की मध्येच मातीची बेटं उघडी पडतात, त्यांवर नदी सुरय अंडी घालतात. टिटवी तर काठावर कुठंही, ढेकळांत चार खडे मांडून. तिच्या अंड्यांवर पाय पडला तरी कळणार नाही इतकी ती मातीच्या रंगाची. एका टिटवीचं मला फार कौतुक वाटतं. भर दुपारी ती पाण्याकडं जाते, पोट भिजवते, परत येऊन अंड्यांवर बसते. पुन्हा जाते, पुन्हा भिजवते. पंचेचाळीसला टेकलेल्या उन्हात अंडी उकडू नयेत म्हणून हा खटाटोप. ऊब देणारी आई सगळ्यांनी पाहिलेली असते, गारवा देणारी मी इथंच पाहिली. तिनं अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त, असं आत्याबाईंचं ठाम मत. आमचे हे म्हणतात, तिला उंचवटाच मिळाला नाही तर ती काय करील?

पाच वाजता उन्हाची धार कमी झाली की सगळे पाण्यावर. वरचा हातभर थर कोमट, गुडघ्याखाली गार. मुलं म्हशीच्या शेपटीला धरून आत जातात, आणि इथं मी फार कडक असते. कारण सांगते. २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत उन्हाळ्यात काठाकाठानं गाळ उपसला जातो. योजना चांगलीच. आमच्याही खडकाळ तुकड्यात आम्ही ट्रॅक्टरनं गाळ पसरला, आणि जिथं तूर गुडघ्याच्या वर जात नव्हती तिथं ती डोक्याला लागली. पण जेसीबीनं सरळ उभे खड्डे खोदलेले असतात. नंतर पाणी वाढलं की ते झाकले जातात. वरून बघावं तर सगळीकडं सारखंच गढूळ पाणी, एक पाऊल कमरेएवढं आणि पुढचं पाऊल डोक्याच्या वर. पोहता येणारी मुलंही गेली आहेत आजूबाजूच्या गावांतली. म्हणून आमच्याकडं नियम असा की भोईमामांनी बांबू रोवून दाखवलेल्या जागीच उतरायचं, आणि म्हैस जिथं पोहायला लागते तिथून मागं फिरायचं. म्हशीचे पाय टेकलेले आहेत तोवर तुमचेही टेकतील, हा मामांचा हिशोब. मुलांना तो पटतो. मोठ्यांना सांगावा लागतो. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांना "मी स्विमिंग टँकमध्ये रोज जातो" म्हणून पलीकडं जायचं होतं. मामांनी त्यांना न बोलता बांबू हातात दिला आणि दोन हात पुढं खुपसायला सांगितलं. बांबू खाली लागला नाही.

मामा आमचे नातेवाईक नाहीत, पण मुलांचे मामाच. पहाटे जाळं ओढतात. कटला, रोहू, चिलापी नेहमीचे; वाम किंवा मरळ सापडली तर आधी आमच्याकडं निरोप. आत्याबाई माळकरी आहेत, नाथषष्ठी कधी चुकवलेली नाही, त्यामुळे मासा घराच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. त्यासाठी बांधावर तीन दगडांची चूल आहे आणि लिंबाच्या फांदीला वर्षभर टांगलेलं एक पातेलं. रस्सा पुरुष करतात. काळा मसाला, भाजलेलं खोबरं, भरपूर लसूण. मी फक्त ज्वारीच्या भाकरी घरातून करून पाठवते आणि मग सावकाश मागून जाते. आत्याबाई त्या दिशेला पाठ करून बसतात आणि अर्ध्या तासानं विचारतात, "झाला का रे तिखट?"

आत्याबाई या काठाच्या नव्हेत. त्या पाण्याखालच्या. लग्न करून आल्या ते घर आता धरणात आहे. १९६५ च्या ऑक्टोबरात लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली तेव्हा त्या नुकत्याच नांदायला आलेल्या. १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं लोकार्पण झालं तोवर गाव उठून वर आलं होतं. शंभराहून जास्त गावं अशी गेली. त्या म्हणतात, "नाव जायकवाडी, अन् बुडालो आम्ही." कारण जायकवाडी हे गाव तिकडं बीड जिल्ह्यात. धरण आधी तिथं बांधायचं घाटत होतं, मग जागा वर पैठणला सरकली आणि नाव तेवढं जुनं राहिलं.

पाणी फारच तळाला गेलं की जुनं गाव दिसतं. घरांची जोती, विहिरीचं कडं, एका देवळाच्या पायऱ्या. २०१६ ला दिसलं, २०१९ ला दिसलं. दोन्ही वर्षी जिवंत साठा संपून धरण मृतसाठ्यात गेलं होतं. २०१६ चा तो एप्रिल म्हणजे लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं तोच. लोक ट्रॅक्टर भरभरून जुनं गाव बघायला आले, फोटो काढले. आत्याबाई गेल्या, जोत्यावर बसल्या, इथं चूल, इथं उखळ असं सुनांना दाखवलं, आणि परत येताना म्हणाल्या, "पुन्हा नको दिसायला." मला इथला उन्हाळा आवडतो म्हणते तेव्हा हे विसरून म्हणत नाही. गाळपेर जेवढी जास्त तेवढं पाणी कमी. दोन्ही एकदम भरपूर मिळत नाही. काठ घरापासून तासाभराच्या चालीवर गेला तर आमचं टरबूज चांगलं आणि मोसंबी धोक्यात, आणि संभाजीनगर-जालन्याचे नळ आणखी धोक्यात.

उन्हानं पाणी किती जातं याचा अंदाज शहरात येत नाही. आमच्याकडं मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी नुसत्या वाफेनं दिवसाला सेंटीमीटरभर उतरू शकते. एक चौरस किलोमीटर पाण्यावरून एक सेंटीमीटर म्हणजे एक कोटी लिटर. नाथसागर भरलेला असताना साडेतीनशे चौरस किलोमीटर असतो. उन्हाळ्यात पसारा कमी होतो, तरी हिशोब तुम्हीच करा. आम्ही पितो, पिकाला देतो, कारखाने घेतात, आणि सूर्य कुणालाही न विचारता आपला वाटा घेतो.

त्यामुळे मे महिन्यातलं पुरुषांचं मुख्य काम म्हणजे मोटारीमागं धावणं. काठ मागं गेला की मोटार उघडी पडते. मग पाइप वाढवायचा, केबल वाढवायची, मोटार ट्रॉलीत घालून पुढं न्यायची. तेही जमेना तर पाण्यापासून मोटारीपर्यंत चारी खोदायची. चारी एकट्याची नसते, सात-आठ घरांची मिळून असते, आणि तिच्यावर जेवढं भांडण होतं तेवढं वाटणीवर होत नाही. कुणाची मोटार पुढं, कुणाची मागं, कुणी आठ तास चालवली. थ्री फेज लाईट रात्रीची असली की हे सगळं बॅटरीच्या उजेडात. पिण्यासाठी पाणी राखून ठेवायचं म्हणून काठावरची लाईट तोडली की भांडणही बंद. मग सगळे एका डीपीखाली बसून एकमेकांना टरबूज कापून देतात.

रोहिणी लागली, म्हणजे २५ मेच्या आसपास, की रान घाईला येतं. वळवाचा एखादा पाऊस येऊन जातो. उन्हाळी भुईमूग उपटायला तयार असतो आणि ओल्या शेंगा काळ्या पडतात, म्हणून मुलं-पाहुणे सगळे शेंगा तोडायला. ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून खायच्या त्या याच आठवड्यात. ताडपत्र्या कमी पडतात, मग गोणपाट, जुनी सतरंजी, लग्नातला मांडवाचा कपडासुद्धा.

गाळपेरीला मात्र अजून महिनाभर धोका नसतो, आणि हे नव्या माणसाला समजत नाही. आमच्या पावसानं आमचं धरण भरत नाही. ते भरतं नाशिककडच्या पावसानं. जुलै-ऑगस्टात आमच्या डोक्यावर कडक ऊन असतं, कपाशी सुकत असते, आणि तिकडून गोदावरीला पूर येऊन काठ रोज बांधाकडं चालत येतो. म्हणून मृग लागला की आधी माळा सोडायचा, मग वेल जनावरांना घालायचे, पाइप उचलायचे आणि शेवटी मोटार वर ओढायची. ताईंची मुलं तोवर परत गेलेली असतात. यंदा मोठा भाचा मोटार वर ओढायला थांबतो म्हणतोय. त्याच्या कॉलेजच्या तारखा जुळल्या तर ठीक, नाही तर चारीवरच्या भांडणातला एक शेजारी बोलवावा लागेल.